उपलब्धींचा रकाना

इंदूरहून फिजिओथेरपी शिकून मी उज्जैनला परत आले तेव्हा मला तेविसावं लागलं होतं, आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी पक्की खात्री होती. फ्रीगंजच्या एका गल्लीत, तळमजल्यावरच्या तीन खोल्यांत एक पुनर्वसन केंद्र चालायचं. तिथे मला नोकरी लागली. दहा ते पाच रुग्णांचे व्यायाम घ्यायचे आणि वर्षातून एकदा केंद्राचा वार्षिक अहवाल लिहायचा. अहवाल माझ्या गळ्यात पडला कारण माझं अक्षर बरं होतं, आणि मी नवी होते. नाही म्हणता येतं हे मला अजून कळलं नव्हतं.

केंद्र चालवायच्या त्या डॉक्टरबाई. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, कडक इस्त्रीची सुती साडी, आणि चष्म्याच्या वरून बघायची सवय. त्यांचे पूर्वज दोनशे वर्षांपूर्वी दरबाराच्या दफ्तरात लिहायला म्हणून माळव्यात आले होते. कागद नीटनेटका असावा हा त्यांचा हट्ट बहुधा तिथूनच आलेला. आमचं घर त्या मानाने ताजं. बाबांची बँकेत बदली झाली म्हणून मी दुसरीत असताना आम्ही आलो. तेवढ्यातच माझी मराठी अशी झाली होती की पुण्याची मावसभावंडं माझ्याकडून मुद्दाम ‘मला टेम नाहीये’ वदवून घेऊन हसायची.

केंद्रात सामान फार नव्हतं. चालायला शिकवायचे दोन समांतर दांडे एका सुताराने जिन्याच्या कठड्यासारखे करून दिले होते, टोकांना गोल लट्टू वगैरे काढून. खांद्याच्या व्यायामाची कप्पी विहिरीवरून आणलेली होती आणि ती ओढली की अख्ख्या गल्लीला कळायचं. पण रुग्ण भरपूर, आणि सगळे बोलके. बाहेर शहराला तेव्हा काहीतरी झालं होतं. टावर चौकात दर महिन्याला नवं दुकान उघडायचं, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीची पिवळी पाटी, घराघरावर केबलची वायर. आमच्या केंद्रात रोज सकाळी आदल्या दिवशीच्या मालिकेवर चर्चा झाल्याशिवाय कोणाचा गुडघा वाकत नसे.

त्या वर्षी भैरवगढचे एक म्हातारे बाबूजी येऊ लागले. कापडावर ठप्प्याने छपाई करणारं त्यांचं घर. लकव्याने उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. पाय पुष्कळ सुधारला होता, पण उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा, आणि तोंडातून सहा महिन्यांत एक शब्द निघाला नव्हता. त्यांच्याबरोबर त्यांच्या पत्नी यायच्या, अम्माजी. टेम्पोतून उतरल्यापासून परत टेम्पोत बसेपर्यंत त्या बोलायच्या. नवऱ्याच्या वाटचं बोलणं आपल्यावर आलंय असं समजून त्यांनी ते काम मनापासून अंगावर घेतलं होतं.

वाचेच्या उपचाराचे तज्ज्ञ आमच्याकडे नव्हते. डॉक्टरबाईंनी मला एक पुस्तक दिलं, चित्रांच्या चिठ्ठ्या दिल्या आणि म्हणाल्या, “रोज वीस मिनिटं. धीर सोडायचा नाही.”

मी कपाचं चित्र धरायची. “बाबूजी, ये क्या है?”

बाबूजी चित्राकडे बघायचे, ओठ हलवायचे, आणि तेवढ्यात अम्माजी म्हणायच्या, “कप है. घर में भी ऐसा ही है, हरे फूलवाला.”

“अम्माजी, उनको बोलने दो.”

“हाँ हाँ, बोलो जी. कप. बोलो ना, कप.”

झाडाच्या चित्रालाही हेच, गाईच्या चित्रालाही हेच. गाईच्या चित्रावरून तर त्यांच्या माहेरच्या गाईची सगळी हकीकत मला ऐकायला मिळाली. बाबूजी मान खाली घालून बसायचे. मला त्यांची कणव यायची आणि अम्माजींची त्याहून जास्त, कारण टेम्पोची वाट बघताना त्या एकदाच, अगदी हळू, मला म्हणाल्या होत्या की घरात आता फार शांत वाटतं. मी त्यांना बाहेर बसवायचा प्रयत्न एकदा केला. पाच मिनिटांत बाबूजी दाराकडे बघत उठून उभे राहिले. तेव्हा तोही बेत सोडला.

हाताची वेगळीच तऱ्हा. मी त्यांच्या हातात पिवळा रबरी चेंडू द्यायची आणि दाबा म्हणायची. चेंडू घरंगळून जमिनीवर. परत दिला, परत जमिनीवर. एका सकाळी मी विसाव्यांदा चेंडू दिला तेव्हा त्यांनी तो डाव्या हाताने उजव्याच्या बोटांत नीट बसवला, खांद्यातून जोर काढला आणि मला फेकून मारला. बरोबर कपाळावर लागला. मग रेल्वेतले एक निवृत्त गार्ड, जे दांड्यांमध्ये चालण्याचा सराव करत होते, म्हणाले, “मॅडम, खांदा काम करतोय बघा.” मी हसायला लागले ती थांबेचना. बाबूजींच्या तोंडाचा डावा कोपरासुद्धा हलला.

हाताला शेक द्यायला आमच्याकडे वितळलेल्या मेणाचं एक पातेलं असायचं. त्यात हात बुडवायचा, मेणाचा थर बसू द्यायचा. त्या दिवशी चेंडू बाजूला ठेवून मी बाबूजींना मेणाकडे नेलं. झाकण काढलं आणि त्यांनी नाक पुढे केलं. वास घेतला. डाव्या हाताचं बोट बुडवून दोन बोटांत मेण चोळून बघितलं, जसं आई पाक तारेवर आला का बघते. मग नापसंतीने मान हलवली आणि तेच बोट खाटेवरच्या पांढऱ्या चादरीवर टेकवून एक वेल काढली. सरसर, एका दमात, पानं वळवत. मेण चादरीवर गोठत गेलं.

भैरवगढला मेणाचंही काम चालतं. कापडावर मेणाने नक्षी काढायची आणि मग रंगवायचं. हे मी लहानपणापासून ऐकलं होतं, शाळेच्या सहलीत बघितलंही होतं, आणि इतके दिवस त्या माणसाच्या हातात रबरी चेंडू देत बसले होते. मला लाज वाटली, आणि त्याच वेळी उड्या माराव्याशा वाटल्या. मी अम्माजींना म्हटलं, “कल घर से एक ठप्पा लेके आओ.”

“एक?” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गोणपाटात बांधून अकरा आले. लाकडी, पिढ्यान्पिढ्या वापरून काळे गुळगुळीत झालेले. कैरी, फूल, जाळी, आणि मागे पकडायला मूठ. मी फूल बाबूजींच्या उजव्या हातात दिलं. बोटं मुठीभोवती आपोआप वळली. मी काही सांगितलं नाही, शिकवलं नाही. हाताला ते ठाऊक होतं. उचलायला डाव्या हाताचा आधार लागला, फूल वाकडं पडलं, रंग एका बाजूला जास्त आला. बाबूजींनी ते बघितलं, कपाळाला आठी घातली आणि दुसरं काढायला घेतलं.

पंधरा दिवसांत आमच्या केंद्रात पांढरं काही उरलं नाही. चादरी, पडदे, उशांचे अभ्रे, माझा कोट. गार्डसाहेबांनी आपला बनियन छापून घेतला आणि तो दिसावा म्हणून शर्टाची दोन बटणं उघडी ठेवून बसू लागले. खांदा जखडलेल्या एक शिक्षिका यायच्या. त्या रंगाचा ट्रे उंच फळीवर ठेवायच्या आणि उंच फळीवरून काढायच्या. तो त्यांचा व्यायामच होता, पण कप्पी ओढण्यापेक्षा त्यांना हा आवडला. डॉक्टरबाई रोज दारात उभ्या राहून चष्म्याच्या वरून सगळं बघायच्या आणि म्हणायच्या, “हे रुग्णालय आहे की बजाज खाना?” कापडबाजाराला आमच्याकडे तसं म्हणायचे. पण बंद करा असं त्या कधी म्हणाल्या नाहीत.

आणि मग तो दिवस आला. नेहमीप्रमाणे मी कपाचं चित्र धरलं होतं. बाबूजी हातातला ठप्पा पुसत होते. अम्माजी सांगत होत्या, “बोलो ना जी, कप. इत्ता सा तो है. क, प. कप, कप, कप.”

बाबूजी म्हणाले, “चुप.”

माझ्या हातातली चिठ्ठी पडली. मला वाटलं ते ‘कप’ म्हणायचा प्रयत्न करतायत. पुस्तकात लिहिलं होतं की पहिले शब्द असेच जवळपासचे येतात. मी आनंदाने म्हटलं, “बहुत अच्छा बाबूजी, फिर से. कप.”

बाबूजींनी माझ्याकडे बघितलंही नाही. ते अम्माजींकडे वळले आणि स्वच्छ, सावकाश, एकेक अक्षर ठेवत म्हणाले, “चुप, डोकरी.”

डोकरी म्हणजे म्हातारी. अम्माजी खरोखरच चुप झाल्या. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी पदर तोंडाला लावला, खांदे हलायला लागले, आणि त्या रडतायत की हसतायत ते कळेना. पुढे त्यांना विचारलं तर त्यांनाही सांगता आलं नाही. उठल्या, चपला उलट्यासुलट्या घातल्या आणि बाहेर गेल्या. अर्ध्या तासाने टावर चौकातून दोन किलो जिलेबी घेऊन परत आल्या आणि खोलीतल्या प्रत्येकाच्या हातावर ठेवत गेल्या. “मेरे को डाँटा,” त्या सांगत होत्या. “छह महीने बाद डाँटा. खाओ.”

दारात डॉक्टरबाई उभ्या होत्या. त्यांच्याही हातावर जिलेबी आली. त्या हसल्या. दात दिसले. मी, गार्डसाहेब आणि शिक्षिका, आम्ही तिघांनी ते पाहिलं.

महिनाभराने अहवालाची वेळ आली. ज्या कार्यालयाकडून केंद्राला मदत मिळायची त्यांचा एक छापील नमुना होता. क्रमांक, दिलेली सेवा, आणि शेवटी इंचभर रुंदीचा रकाना, ‘उपलब्धि’, म्हणजे काय साध्य झालं ते. मी निळ्या शाईने नीट लिहून काढलं. डॉक्टरबाईंनी लाल शाईने दुरुस्त्या केल्या, दोन ठिकाणी ‘लाभार्थी’चं शुद्धलेखन सुधारलं आणि म्हणाल्या, “आता एकदा स्वच्छ उतरव आणि दे.”

मी तो मसुदा घरी नेला. जेवणाआधी वाचत बसले. सगळं खरं होतं आणि सगळं मेलेलं होतं. माझा हात शिवशिवायला लागला. निळं पेन संपलेलं, म्हणून मसुद्यालाच अडकवून आलेलं बाईंचं लाल पेन घेतलं आणि प्रत्येक उपलब्धीच्या पुढे, स्वतःपुरतं, खरी गोष्ट लिहून टाकली. खूप हसले, कागद फाइलमध्ये ठेवले. उद्या स्वच्छ उतरवायचंच होतं.

दुसऱ्या दिवशी वार्षिक समारंभाची तयारी सुरू झाली. छापलेले कपडे दोरीवर टांगायचे, खुर्च्या मागायच्या, तोरण लावायचं. माझ्या टेबलावरची फाइल शिपाईकाकांनी उचलली आणि टाइप करायला पोचवून दिली. फ्रीगंजमध्ये तेव्हा कॉम्प्युटरवर टाइप करून देणारं एक दुकान नवीनच निघालं होतं. काचेचं दार, आत गारवा, आणि चपला बाहेर काढाव्या लागत. तिथल्या माणसाने काकांना विचारलं, लाल शाईचं काय करू? काका म्हणाले, लाल शाई बाईंची असते, ते पहिलं घ्या.

समारंभाच्या सकाळी छापलेल्या प्रती आल्या. मी गठ्ठा सोडला, पानं उलटली आणि खाली बसले.

अहवाल हिंदीत होता, पण मी इथे मराठीत सांगते. सुंदर टाइप केलेला, रेघा सरळ, आणि उपलब्धींच्या रकान्यात असं:

हाताच्या पकडीत सुधारणा. चेंडू थेरपिस्टला मारला, नेम अचूक.

चालण्यात स्वावलंबन. एकटे कचोरीच्या दुकानापर्यंत गेले. चार खाल्ल्यामुळे परत रिक्षाने आले.

खांद्याची हालचाल पूर्ववत. स्वतःची वेणी स्वतः घातली, मग सुनेचीही, ती नको म्हणत असताना.

वाचा परत येण्यास सुरुवात. पत्नीला ‘चुप डोकरी’ म्हणाले. पत्नीने जिलेबी वाटली.

आणि सगळ्यात खाली, कर्मचारी कल्याण या सदरात: बाई या वर्षी एकदा हसल्या. साक्षीदार तीन.

मी प्रत घेऊन डॉक्टरबाईंच्या खोलीत गेले. म्हटलं, “बाई, माझी एक गलती झाली. तुमच्या लाल पेनाने मी काहीबाही लिहिलं, ते छापलं गेलं.” आणि ती त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी वाचायला सुरुवात केली. चेहऱ्यावर काहीच नाही. पान उलटलं, परत मागे आल्या, परत वाचलं. मग म्हणाल्या, “खोटं काय आहे यात?”

“खोटं काही नाही.”

“मग?”

“शेवटचं...” मी म्हटलं.

“ते तर साक्षीदारांसकट दिलंयस.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “नवं छापायला वेळ नाही. वाटून टाक. आणि पुढच्या वेळी माझ्या पेनाला हात लावू नकोस.”

प्रमुख पाहुणे एक निवृत्त न्यायाधीश होते. उंच, गंभीर, सफारी सूट. त्यांच्या भाषणाआधी कोणीतरी अहवाल हातात दिला. ते माइकसमोर उभे राहिले, म्हणाले, मी आधी केंद्राच्या कामावर नजर टाकतो, आणि त्यांनी तो मोठ्याने वाचायला घेतला, निकाल वाचावा तसा. चेंडूपाशी थोडे अडखळले. माझ्याकडे लोक वळून बघायला लागले. मी कपाळ झाकून घेतलं. कचोरीपाशी पोचले तेव्हा गार्डसाहेब उठून उभे राहिले आणि म्हणाले, “हुजूर, चार नाही, पाच.” न्यायाधीशांनी खिशातून पेन काढलं आणि खरोखर दुरुस्ती केली.

त्यानंतर कोणी खुर्चीत सरळ बसलेलं नव्हतं. वेणीच्या वेळी शिक्षिकाबाईंच्या सुनेने मागून हात वर केला आणि वेणी दाखवली. चुप डोकरी वाचून न्यायाधीश थांबले, चष्मा वर केला आणि विचारलं, “ये कौन हैं?”

अम्माजी उभ्या राहिल्या. नवी साडी, काठाला बाबूजींच्याच हातची कैरी, जराशी तिरकी. “मैं हूँ डोकरी,” त्या म्हणाल्या. “अब तो रोज बोलते हैं. दिन में चार बार.” आणि शेजारी बसलेल्या बाबूजींनी पाच बोटं वर केली. उजव्या हाताची. दोन अर्धवटच उघडली होती, पण होती पाचच.

शेवटची ओळ वाचताना न्यायाधीशांचाच आवाज फुटला. त्यांनी मागे वळून डॉक्टरबाईंकडे पाहिलं. बाई ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या, एखादी शाळकरी मुलगी वर्गात बसते तशा, आणि मग त्यांना सावरता आलं नाही. त्या एवढ्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मीसुद्धा हसत होते आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. एवढं हलकं मला आयुष्यात त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

अहवालाची एक प्रत नियमाप्रमाणे त्या कार्यालयाकडे गेली. दोन महिन्यांनी पत्र आलं: कचोरी ही उपचारसेवा आहे काय, याचा खुलासा करावा. डॉक्टरबाईंनी मला समोर बसवून उत्तर सांगितलं. रुग्णाला कुठेतरी जावंसं वाटणं ही चालण्याची पहिली पायरी आहे, सबब होय. ते कसं कोण जाणे पण मान्य झालं. पुढच्या वर्षी छपाईसाठी आम्हाला चौथी खोली मिळाली.

बाबूजींचा हात पूर्ण कधीच आला नाही. बारीक जाळीचं काम त्यांनी मुलावर सोपवलं. पण मोठी फुलं ते स्वतः छापत, रोज दोनतीन तास, आणि बोलणं हळूहळू वाढत गेलं. आठवड्यातून एकदा ते केंद्रात येऊन नव्या रुग्णांना ठप्पा धरायला शिकवत. अम्माजी बाजूला बसून भाषांतर करत, गरज नसताना.

त्याच सुमाराला इंदूरच्या एका मोठ्या दवाखान्यातून मला बोलावणं आलं. विजेवर चालणारी यंत्रं, वातानुकूलित हॉल, सगळं. मी नाही म्हटलं. आईला कारण हवं होतं. ती ओट्यापाशी पोळ्या करत होती आणि मी दाराला टेकून तिला सांगायला लागले. चेंडूपासून सुरू केलं. वेणीपर्यंत येता येता तिने लाटणं खाली ठेवलं होतं, आणि तव्यावरची पोळी काळी होईपर्यंत आम्हा दोघींच्या लक्षात आलं नाही. ती डोळे पुसत म्हणाली, “जा बाई, तिथेच रहा.” मी तिथे सात वर्षं राहिले.